बुटांचं कपाट

माझ्या औषधाच्या दुकानात खिडकीजवळच्या फळीवर प्राणवायूचे सात डबे मांडलेले आहेत. लाल टोपणाचे, दिसायला देखणे. विमानातून उतरलेला परदेशी माणूस आमच्या उंच डोंगरावरच्या ला पाझमध्ये चार पावलं चढला की धापा टाकायला लागतो, डोकं धरून पायरीवर बसतो. अशा वेळी त्यानं समोरच्या दुकानातून एक डबा घ्यावा, एवढी माझी साधी अपेक्षा. पण आमच्या गल्लीत तसं घडत नाही, कारण माझ्या दुकानाला लागूनच दोन्या, म्हणजे बाईसाहेब, बासिलिया तार्की यांचं पाहुणेघर आहे. एकोणीस वर्षांत त्या बाईंनी मला एक डबा विकू दिलेला नाही. धूळ पुसून पुसून डब्यांवरची अक्षरं गेली.

बाई म्हणजे साडेचार फूट उंची, पाच घागरे, दोन वेण्या आणि डोक्याला न चिकटताही कधी न पडणारी गोल टोपी. पाहुणेघराच्या दारातच त्यांचं ते कपाट आहे. जुनं, लाकडी, पितळी कुलूप लावलेलं. पाहुणा पाठीवरचं ओझं घेऊन धापा टाकत आत आला की बाई त्याचं नाव विचारत नाहीत, पारपत्र बघत नाहीत. त्याच्या पायांकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "काढा."

त्याला वाटतं, घर स्वच्छ राहावं म्हणून असेल. बिचारा कौतुकानं बूट काढतो. बाई ते बूट कपाटात टाकतात, कुलूप लावतात, किल्ली तिसऱ्या आणि चौथ्या घागऱ्याच्या मध्ये कुठंतरी नाहीशी होते आणि पाहुण्याच्या हातात लोकरीच्या सपाता येतात. त्या सपाता घालून आमच्या गल्लीतल्या दगडांवर दहा पावलं टाकून दाखवा, मी माझं दुकान तुमच्या नावावर करतो. म्हणजे पाहुणा घरात अडकला. मग पातळ सूप, कोकाच्या पानांचा चहा आणि खाट. बूट दुसऱ्या दिवशी सकाळी.

आरडाओरडा होतो. एकदा दाराएवढा एक जर्मन आला होता. तो जगातले कुठले कुठले डोंगर चढलाय ते बोटांवर मोजून दाखवत होता.

"डोंगर चढलास ना? मग डोंगरावर जाऊन झोप," बाईंनी त्याला सुनावलं. "माझ्या जिन्यावरून तुला खाली न्यायला चार माणसं लागतील. ती कुठून आणू? हा डॉक्टर तर एक बादली उचलत नाही."

डॉक्टर म्हणजे मी. मी डॉक्टर नाही, औषधं विकतो. गल्ली आदरानं डॉक्टर म्हणते, बाई मात्र ज्या सुरात म्हणतात तो सूर मला ठाऊक आहे. त्या जर्मनानं निमूटपणे सपाता घातल्या. बाईंना इंग्रजीचा एक शब्द येत नाही, तरी त्यांचं म्हणणं न कळलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

सकाळच्या न्याहारीला दुसरा धडा. बाई पाव वाढता वाढता पाहुण्याचं पाकीट मारतात. अगदी सफाईनं. एक हात लोण्याच्या बशीवर, दुसरा खिशात. पाहुण्याच्या लक्षात आलं तर त्याला जास्तीचं अंडं मिळतं. नाही आलं तर दुपारी जेवताना ताटाखालून पाकीट निघतं आणि बाई म्हणतात, "मी साठीची म्हातारी. बाजारातली पोरं विशीतली आहेत. आता खिशाला आतून टाचणी लावा." अंगावर कुणी मोहरीची चटणी उडवली आणि दुसरा कुणी ती पुसायला धावला तर काय करायचं, रस्त्यात साध्या कपड्यातला पोलीस भेटला तर त्याच्या गाडीत का बसायचं नाही, सोललेलं फळ कुणाच्या हातचं खायचं आणि कुणाच्या नाही, हे सगळं त्या स्वतः चोर, पोलीस आणि फळवाली होऊन करून दाखवतात. चोर फार छान करतात.

परिणाम असा, की एकोणीस वर्षांत त्या घरातून एकही पाहुणा उचलून न्यावा लागला नाही. हे त्या मला रोज ऐकवतात. रोज, कारण माझी बायको गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, मी दुपारी त्यांच्याकडेच जेवतो. आणि जेवताना रोज आमचं भांडण होतं.

भांडणाचं मूळ असं. मी म्हणतो, उंचावर हवा विरळ, रक्ताला सवय व्हायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या दिवशी आराम हवा. सरळ गोष्ट आहे. बाई म्हणतात, हवेचा काही संबंध नाही. माणसाचा देह विमानानं येतो, पण त्याचा आहायू चालत येतो. आहायू म्हणजे आमच्या आयमारा लोकांच्या समजुतीत माणसाच्या आत राहणारा जीव. तो भित्रा असतो, दचकला की मागे राहतो आणि त्याला विमानाचं तिकीट मिळत नाही. "तो येईपर्यंत देहानं एका जागी पडून राहायचं," बाई म्हणतात. "देह गावभर हिंडला तर आहायूनं त्याला शोधायचं कुठं? मग डोकं दुखणार, उलट्या होणार, खिसा कापला जाणार. आत कुणी नसलेल्या घरात चोर शिरणारच की."

"अहो, तुमच्या सपाता आणि तुमचं सूप यांनी माणूस बरा राहतो, आहायूनं नाही!"

"मग तुमच्या डब्यातला वारा का नाही विकला जात, डॉक्टर? घ्या, आणखी बटाटा घ्या."

यावर माझ्याकडे उत्तर नसतं, बटाटा घ्यावा लागतो.

जगभरच्या प्रवाशांना सांभाळणाऱ्या या बाई स्वतः कधी गावाबाहेर गेल्या नव्हत्या. दर जानेवारीत आमच्याकडे आलासितासची जत्रा भरते. ज्याला जे हवं त्याची बोटभर प्रतिकृती त्या दिवशी भर दुपारी विकत घ्यायची, धूप दाखवून घ्यायचा, म्हणजे वर्षभरात ती गोष्ट खरोखर मिळते. कुणी काडेपेटीएवढं घर घेतं, कुणी मोटार, कुणी नखाएवढी पदवी. बाई दरवर्षी एक पत्र्याची छोटी प्रवासी पेटी घेत. पाहुणेघराच्या जेवणघरात फळीवर अशा एकोणीस पेट्या ओळीनं उभ्या होत्या.

"कुठं जायचंय एवढं?" मी एकदा विचारलं होतं.

"समुद्राला."

"आणि तिथं जाऊन काय करायचंय?"

"पाय बुडवायचेत," बाई म्हणाल्या. "सगळे पाहुणे सांगतात, पायाखालची वाळू सरकते म्हणे. कशी सरकते ते बघायचंय." आणि लगेच माझ्यावर खेकसल्या, "सूप गार होतंय."

आम्ही चिलीशी झालेल्या जुन्या लढाईत समुद्र हरवलेल्या देशातली माणसं. शाळेत दर मार्चमध्ये छाती पुढे काढून, समुद्र परत मिळवू म्हणून शपथा घेतल्या. पण बाईंना देशासाठी वगैरे नको होता. त्यांना फक्त दोन पाय भिजवायचे होते, आणि पाहुण्यांना एकटं टाकून जायचा धीर होत नव्हता.

यंदा गल्लीच्या उत्सवात सोडत निघाली आणि बाईंना आरिकाच्या सहलीची दोन तिकिटं लागली. आरिका सीमेपलीकडे, चिलीत. खाली, अगदी समुद्राला लागून. दोन रात्रींचा मुक्काम. दुसऱ्या दिवशी बाई माझ्या दुकानात आल्या आणि खोकल्याच्या औषधाची एक रिकामी बाटली मागितली.

"कशाला?"

"काम आहे." बाटली उजेडात धरून त्यांनी झाकण नीट बसतं का ते पाहिलं. "आणि तुम्ही येताय माझ्याबरोबर."

माझ्या हातातली गोळ्यांची पाकिटं खाली पडली. "अहो, गल्ली काय म्हणेल?"

"गल्ली म्हणेल, बाई शहाणी आहे, परक्या गावाला जाताना औषधवाला घेऊन गेली. आजारी पडले तर कुणाच्या तोंडाकडे बघू?"

"तुम्ही तर म्हणता माझी औषधं काही कामाची नाहीत."

"नाहीतच. पण सामान उचलायला होईल कुणीतरी. छोट्या बादल्या उचलता ना?"

पहाटे पाचची बस होती. बाई पाहुणेघर बंद करून, गाठोडं बांधून अर्धा तास आधी येऊन बसल्या होत्या. गाठोड्यात कोकाची पानं, गोठवून वाळवलेले काळे बटाटे, ताजं चीज, सुकं मांस, बारा उकडलेली अंडी. परक्या गावात परकं काही खायचं नाही, हा त्यांचा नियम. मीही माझी औषधांची पेटी घेतली होती. तिच्यात काय होतं ते पुढे कळेलच.

सीमेवर चिलीच्या एका तरण्याताठ्या अधिकाऱ्यानं गाठोडं उघडलं. पानं, "चालणार नाही." चीज, "चालणार नाही." मांस, बटाटे, अंडी, "चालणार नाही." एकेक वस्तू उचलून तो मागच्या पिंपात टाकत होता. एकोणीस वर्षं लोकांचे बूट काढून घेणारी बाई तोंड उघडं टाकून बघत उभी होती. खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या होत होत्या.

"नियम आहेत आजी, तुमच्याच भल्यासाठी," तो पोरगा म्हणाला.

हे वाक्य बाईंनी आजवर इतक्या लोकांना ऐकवलं असेल, की त्यांना पुढे काही बोलताच येईना. बसमध्ये बसल्यावर एवढंच म्हणाल्या, "मी निदान सकाळी बूट परत तरी देते. त्यानं फेकूनच दिलं सगळं."

दुपारी दोनला आरिकात उतरलो. उतरताना चालकानं बातमी दिली. आमच्या बाजूला परवापासून रस्ता अडवणार होते, संप. तेव्हा परवाची बस रद्द. ज्यांना घरी जायचंय त्यांनी उद्या सकाळी सहाला हजर राहायचं. आमच्या देशात रस्ता अडवण्याची बातमी म्हणजे पावसाची बातमी, कुणी वाद घालत नाही. पण मी हिशेब केला. आजची दुपार आणि संध्याकाळ. समुद्रासाठी एवढंच.

"चला, सामान टाकू आणि सरळ पाण्यावर जाऊ," मी म्हणालो.

सेन्योरा नॉर्मा नावाच्या एका सडपातळ, बोलक्या बाईचं छोटं पाहुणेघर होतं, समुद्रापासून तीन गल्ल्यांवर. आम्ही दारात पोचलो. नॉर्माबाई हसून "या, या" म्हणाल्या. आणि आमच्या दोन्या बासिलियांनी वाकून स्वतःचे बूट काढले, ते नॉर्माबाईंच्या हातात दिले आणि म्हणाल्या, "हे कुलुपात ठेवा. यांचेही. उद्या सकाळपर्यंत मागितले तरी देऊ नका."

नॉर्माबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं.

"अहो दोन्या बासिलिया!" मी खोलीच्या दारातून ओरडलो. बाई एव्हाना खोलीतल्या दोन खाटांपैकी आपल्या खाटेवर चढून, टोपी छातीवर ठेवून उताण्या पडल्या होत्या. "उद्या सकाळी सहाला बस आहे! तुम्हाला कळतंय का? आज गेलात तर समुद्र, नाहीतर नाही!"

"पहिला दिवस पडून राहायचं."

"तो नियम वर चढणाऱ्यांसाठी! आपण खाली आलोय! इथं हवा इतकी आहे की पोत्यात भरून न्यावी!"

"हवेचं तुमचं तुम्ही बघा. माझा आहायू अजून त्या सीमेवर रांगेत उभा आहे. मी इथून हलले तर तो येऊन बघेल कुठं?"

"एकदा! एका दिवसापुरता नियम मोडला तर कोण बघतंय?"

बाई उठून बसल्या. आवाज चढला नव्हता, पण चेहरा पडला होता. "डॉक्टर, एकोणीस वर्षं मी लोकांना रडवून झोपवलंय. दोन दिवसांसाठी आलेली पोरं असायची, एक दिवस मी खाऊन टाकला त्यांचा. पाया पडायची माझ्या. मी एकाला सोडलं नाही. आणि आता माझी पाळी आली तर मी उठून जाऊ? मग त्या सगळ्यांना काय तोंड दाखवू?"

"त्यातला एकही इथं नाही."

"मी आहे ना," बाई म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून पुन्हा आडव्या झाल्या.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अशा हट्टी माणसाचा संताप येतो आणि त्याच वेळी त्याच्यापुढे आपण फार लहान वाटतो, याचा आणखी संताप येतो. मी नॉर्माबाईंच्या न्हाणीघरातल्या रबरी चपला पायात अडकवल्या आणि नाकावर टिच्चून समुद्रावर गेलो.

तिथं बाईंचे जेवढे नियम आठवत होते तेवढे मी मोडले. मुद्दाम. टोपी हातात घेऊन उन्हात फिरलो. कोळ्यांच्या धक्क्यावर एका टपरीवर कच्चे शिंपले लिंबू पिळून देत होते, त्याची एक बशी खाल्ली. टपरीवरच्या माश्या बघूनही दुसरी खाल्ली. वर थंडगार बिअर. मग पाण्यात उतरलो. गुडघाभर पाण्यात उभा राहून, वाळू खरोखर पायाखालून सरकते हे बघून, आता हे बाईंना कसं सांगावं याचा विचार करत होतो, तेवढ्यात मागून आलेल्या लाटेनं मला आडवं केलं. नाकातोंडात पाणी गेलं. काठावरची पोरं हसली. मी उठून टोपी शोधली, एक चप्पल शोधली, दुसरी मिळाली नाही.

पाहुणेघर गाठेपर्यंत पोटात ढवळायला लागलं होतं. पुढच्या अर्ध्या तासाचं वर्णन करत नाही, माझं दुकान आहे, लोक मला मान देतात. एवढंच सांगतो की शेवटी मी माझी औषधांची पेटी उघडली. उंचीच्या त्रासाच्या गोळ्यांची चार पाकिटं आणि प्राणवायूचे दोन डबे. समुद्रकाठच्या गावी येताना मी शहाण्यानं एवढंच आणलं होतं. पस्तीस वर्षांच्या दुकानदारीचा हात, त्याच फळीकडे जाणार.

नॉर्माबाई धावत जाऊन मीठसाखरेच्या पुड्या घेऊन आल्या. बाईंनी खाटेवरूनच हुकूम सोडले, भात शिजवा, त्याचं पाणी काढा, मीठ घाला. भात दहा मिनिटांत शिजून आला तर बाईंच्या कपाळावर आठ्या. "इतक्यात कसा शिजला? आमच्याकडे पाऊण तास लागतो. परत ठेवा." मी कळवळून म्हणालो, "अहो, इथं पाणी जास्त तापतं!" पण परत ठेवलाच.

मग बाई माझ्या खाटेच्या कडेला येऊन बसल्या. घरातल्या घरात चाललेलं त्यांच्या नियमात बसत असावं. माझी नाडी बघितली, डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली.

"कुठं दचकलात?"

"शिंपले खाल्ले. दोन बशा. शिंपल्यांनी झालंय हे."

"शिंपल्यांनी पोट बिघडतं. हा चेहरा पोटाचा नाही. तुमचा आहायू सुटलाय, डॉक्टर. कुठं सुटला ते आठवा. तिथं जाऊन बोलवावा लागतो, नाहीतर माणूस खंगत जातो."

त्यांच्या समजुतीचं पुरते वाभाडे काढायला मी तोंड उघडलं. पस्तीस वर्षं मी या गोष्टीला हसत आलोय. पण बोलण्याआधी माझी नजर मेजावर गेली. तिथं ती खोकल्याच्या औषधाची बाटली होती. घासून, आतून धुऊन लख्ख केलेली, कागद खरवडून काढलेली, झाकण शेजारी काढून ठेवलेलं. तिच्याजवळ यंदाची पत्र्याची पेटी. बाईंच्या मागे खिडकी होती आणि खिडकीतून लाटांचा आवाज येत होता. मी परत आल्यापासून बाईंनी त्या खिडकीकडे एकदाही तोंड केलं नव्हतं. त्यांच्या पायात रफू केलेले मोजे होते, आणि एक अंगठा लाटेच्या आवाजाबरोबर हलत होता. त्यांना ते माहीत नव्हतं.

मला रडू आलं. अशक्तपणामुळेही असेल.

"लाटेनं पाडलं मला," मी म्हणालो. "फार घाबरलो. तिथंच राहिला असणार."

बाई पुढे झुकल्या. "नक्की कुठं?"

"पाण्यात."

"काठावर?"

"नाही, नाही. चांगल्या गुडघाभर पाण्यात. काठावरून हाक मारली तर जायची नाही, लाटांचा आवाज फार आहे. आत उतरावं लागेल."

बाईंनी माझी पापणी पुन्हा ओढून बघितली. मी डोळे मिटून एक बरंसं कण्हणं काढलं. त्यात नाटक निम्मंच होतं.

"आहायू बोलवायला जाणं हे हिंडणं नाही," शेवटी बाई स्वतःशीच म्हणाल्या. "ते काम आहे." माझी भिजलेली टोपी उचलली. जाता जाता मेजावरची बाटलीही उचलली. "हिचं काय?" असं मी विचारलं नाही.

बूट त्यांनी मागितले नाहीत. अनवाणी गेल्या. नॉर्माबाई बरोबर होत्या, म्हणून पुढचं मला कळलं.

बाई सरळ चालत पाण्यात गेल्या, पाचही घागरे गोळा करून. गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या आणि माझी टोपी हवेत फिरवत गावाला ऐकू जाईल अशा आवाजात माझ्या नावानं हाका मारायला लागल्या. "फ्लोरेन्सियो! ये रे! घरी चल! भिऊ नकोस, मी आहे इथं! ये, फ्लोरेन्सियो!"

किनाऱ्यावरच्या जीवरक्षकानं हे पाहिलं. पाण्यात उभी म्हातारी, हातात पुरुषाची ओली टोपी. त्यानं शिट्टी फुंकली आणि धावत सुटला.

"कधी बुडाले, आजी?"

"दुपारी."

"दुपारी! आणि आता सांगताय?"

"मलाच आत्ता कळलं."

"दिसायला कसे आहेत?"

"दिसत नाही तो," बाई म्हणाल्या. "हाक मारली की आपसूक येईल. तू बाजूला हो, तुझ्या शिट्टीनं घाबरेल."

जीवरक्षकाच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे. त्यानं दोन पोहणाऱ्या पोरांना आत पाठवलं. काठावर बायका जमल्या, एकीनं क्रूसाची खूण केली. सगळा किनारा "फ्लोरेन्सियो! फ्लोरेन्सियो!" करून ओरडायला लागला. नॉर्माबाई जीव तोडून सांगत होत्या की तो माणूस माझ्या घरी खाटेवर आहे, त्याला फक्त जुलाब झालेत. कुणी ऐकेना. शेवटी ऐकलं, पण पुरतं, म्हणजे जुलाबासकट, सगळ्या किनाऱ्यानं. परक्या देशात मला ओळखणारी एवढी माणसं झाली.

बाई मात्र गर्दी पांगल्यावरही पाण्यातच उभ्या होत्या. सूर्य बुडेपर्यंत. हाका मारायच्या थांबल्या होत्या, टोपी पोटाशी धरली होती.

अंधार पडता पडता परत आल्या. घागरे मांडीपर्यंत भिजलेले, त्यांना वाळू लागलेली. टोपी माझ्या डोक्यावर दाबून बसवली, कानात तीनदा माझं नाव घेतलं आणि विचारलं, "आला?"

मीठसाखरेच्या पाण्याची सहावी पुडी पोटात गेली होती. खरोखर बरं वाटत होतं, आणि का वाटत होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. "आला," मी मनातलं गिळून म्हणालो.

"बघा!" बाई म्हणाल्या. "आणि तुमच्या पेटीत काय होतं? वारा."

सकाळी सहाच्या बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या. मांडीवर बाटली, गळ्यापर्यंत भरलेली, थोडी गढूळ. पहिला घाट चढेपर्यंत ती दोन्ही हातांनी धरून होत्या. मग बाहेर बघतच म्हणाल्या, "तुमचा आहायू तिथं नव्हता."

"म्हणजे?"

"आहायू आला की टोपी जड होते. ती हलकीच होती. तुमचा तुमच्यातच होता, शिंपल्यांच्या शेजारी." बाटलीचं झाकण घट्ट केलं. "मला निघायच्या आधीच वाटलं होतं. इतकं नेमकं कुणाला आठवत नसतं. गुडघाभर म्हणे."

माझे कान तापले. "मग एवढा वेळ हाका कशाला मारल्यात? माझी शोभा केलीत!"

"तुम्ही माझ्यासाठी एवढं खोटं बोललात," बाई म्हणाल्या. "लगेच परत आले असते, तर वाया गेलं असतं."

अकरा वर्षं आम्ही रोज भांडतोय. त्या दिवशी समोर बटाटाही नव्हता.

दुपारी गल्लीत पोचलो. पाहुणेघराचं दार उघडून बाई आत गेल्या, बाटली पेट्यांच्या ओळीशेजारी फळीवर ठेवली, परत आल्या आणि कपाटाचं कुलूप काढून माझ्या पायांकडे बोट दाखवलं.

"काढा."

"अहो, मी इथं जन्मलोय! याच गल्लीत!"

"देह जन्मलाय. आहायू सीमेवर असतील. तुमचा नि माझा, दोघांचेही. काढा."

मी बूट काढले. त्यांनी स्वतःचेही काढून माझ्या शेजारी ठेवले आणि कुलूप लावलं. पातळ सूप आलं, चहा आला. रस्त्याकडच्या खोलीत मला खाट दिली. मी छताकडे बघत पडलो होतो, तेवढ्यात खाली माझ्या दुकानाचं दार कुणीतरी वाजवायला लागलं. धापा टाकत, मोडक्यातोडक्या भाषेत कुणी परदेशी माणूस विचारत होता, खिडकीत दिसतोय तो प्राणवायूचा डबा केवढ्याला?

एकोणीस वर्षांतलं डब्याचं पहिलं गिऱ्हाईक. मी उठून बसलो. सपातांकडे पाहिलं.

खालून बाईंचा आवाज आला, "दुकान बंद आहे. इकडे या तुम्ही. बूट काढा."

मी कुशीवर वळलो आणि झोपलो.